काउबॉय शूटिंगसाठी जुन्या लाकडाचा लोडिंग ब्लॉक: पहिल्यांदाच करणार असाल तर आधी हे वाचा

माझा पहिला लोडिंग ब्लॉक, म्हणजे बंदुकीत मोजून भरायची काडतुसं उभी करायचा भोकाभोकाचा ठोकळा, सध्या गॅरेजच्या दाराला अडसर म्हणून पडलाय. दिसायला एकदम झकास झाला होता, मेस्कीटचं लाकूड, चॉकलेटी रंग, तेल लावून चकचकीत केलेला. फक्त त्यात भोकं पाडताना मी हिशोब केला की काडतूस पॉइंट अडतीसचं, ३/८ इंच म्हणजे पॉइंट तीनशे पंचाहत्तर, जवळजवळ तेच की, म्हणून ड्रिलला सरळ ३/८ चा बिट लावला आणि वीस भोकं पाडून मोकळा झालो. घरी अंगठ्याने दाबून काडतुसं बसवली, घट्ट बसली म्हणून खूशही झालो. मॅचच्या दिवशी लोडिंग टेबलावर (आपली पाळी यायच्या आधी जिथे बंदुका भरतात तिथे) ती बाहेर येईनात. मागे चार जण रांगेत, मी नखांनी एकेक काडतूस उपटतोय, शेजारचे आजोबा हॅट खाली ओढून हसतायत.

तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी अ‍ॅरिझोनात असतो, आमच्याकडे हा खेळ जोरात चालतो, पण अमेरिकेत कुठेही असलात तरी पद्धत हीच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सुरू झालं. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सगळे ज्याला सॅस म्हणतात ती संस्था, १९८७ ची. जुन्या काळातले कपडे घालायचे, स्वतःला एक टोपणनाव घ्यायचं, आणि दोन सहाबारी पिस्तुलं, एक लिव्हरवाली रायफल, एक शॉटगन घेऊन लोखंडी टारगेटं घड्याळ लावून पाडायची. साधारण एका स्टेजला, म्हणजे एका फेरीला, पिस्तुलांच्या १० गोळ्या, रायफलच्या १० आणि शॉटगनची चारेक काडतुसं लागतात. दिवसभरात अशा पाच-सहा स्टेज होतात.

१. लाकडाला हात लावायच्या आधी: व्हिसा बघा

हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात आधी सांगतो कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं. एच-१बी, एल-१, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायला साधारणपणे मनाई आहे, आणि बंदूकच नाही, काडतूससुद्धा. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. रिकामा लाकडी ब्लॉक बनवायला कोणाचीच हरकत नाही, पण तो भरून गाडीत ठेवायच्या आधी तुमच्या व्हिसाचं नीट समजून घ्या, आणि ते वकिलाकडून घ्या, मित्राच्या मित्राकडून नको.

जवळ असू द्यायचे कागद: ओळखपत्र, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद, परवान्यावर अवलंबून असाल तर तो परवाना, आणि क्लबचं सभासद कार्ड.

२. ब्लॉक म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

नवीन माणसाला वाटतं की हा काडतुसं ठेवायचा ठोकळा आहे. ठेवायला प्लास्टिकचे डबे आहेत की, स्वस्त मिळतात. ब्लॉक असतो मोजायला. लोडिंग टेबलावर गप्पा चालू असतात, कोणीतरी तुमच्या हॅटचं कौतुक करतं, टायमर पी-पी करतोय, आणि त्यात तुम्हाला रायफलमध्ये बरोब्बर दहा भरायच्यात. डब्यातून उचलत बसलात की सातवी की आठवी हे हमखास चुकतं. नऊ भरल्या की एक मिस, म्हणजे ५ सेकंद गेले. ब्लॉकमध्ये रायफलची भोकंच दहा, भोकं रिकामी झाली की काम झालं. एक जरी काडतूस उरलेलं दिसलं तरी थांबायचं.

पिस्तुलाचं तर अजून महत्त्वाचं. सहाबारी असली तरी भरायच्या पाचच, कारण १८७३ च्या कोल्ट पिस्तुलात घोडा (मागचा हातोडा) खाली असताना त्याची पिन थेट काडतुसाच्या टिकलीवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकते, वरून काही आदळलं की बार उडू शकतो. म्हणून एक घर रिकामं ठेवून त्यावर घोडा सोडायचा. इथे सगळे तेच म्हणत भरतात: एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण ओढ आणि अलगद खाली सोड. तर ब्लॉकमध्ये पिस्तुलाची भोकं पाच आणि पाच अशी वेगळी दिसली पाहिजेत, सलग दहा नकोत. हे मनात पक्कं ठेवलंत की पुढचं डिझाइन आपोआप होतं.

आणि शॉटगन? नवखे लोक हौसेने ब्लॉकमध्ये शॉटगनसाठी मोठमोठी भोकं पाडतात. मीही पाडली होती. काही गरज नाही. शॉटगन बहुतेक वेळा रिकामीच उघडी ठेवलेली असते आणि घड्याळ चालू असताना कमरेच्या पट्ट्यातून काडतुसं काढून भरायची असते, लोडिंग टेबलावर तिचं काही कामच नाही. तरीही हौस असेल तर १२ गेज मापाच्या काडतुसाला २७/३२ इंचाचं भोक पाडा.

३. लाकूड कुठून आणायचं, आणि कुठलं आणायचं नाही

विकत आणू नका, मजा जाते. माझी आवडती जागा म्हणजे दुकानांच्या मागे पडलेले पॅलेट, माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटी. विचारून घ्या, बहुतेक जण देऊन टाकतात, काही पॅलेट मात्र भाड्याचे असतात (रंगवलेले, निळे वगैरे) ते कंपनीच्या मालकीचे, त्यांना हात लावायचा नाही. पॅलेटच्या वरच्या फळ्या पातळ असतात, त्यात अर्धा-पाऊण इंचाच्या वर जाडी नसते, त्या सोडा. खाली जे तीन आडवे दांडे असतात ते घ्या, दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद, आपल्या कामाला जणू मापून कापलेले.

शिक्का बघा. परदेशी माल वाहणाऱ्या पॅलेटवर आयएसपीएम १५ नावाच्या नियमानुसार गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि शेजारी अक्षरं असतात. एच-टी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे (गाभा ५६ अंशांवर अर्धा तास), बिनधास्त घ्या. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते तिथेच राहू द्या. शिक्का नसेल पण तेलकट डाग, विचित्र वास असेल तर तेही सोडा, त्या पॅलेटवर काय सांडलंय कोणाला माहीत.

अजून काय टाळायचं:

- रेल्वेचे स्लीपर. क्रिओसोट (डांबरासारखं रसायन) पाजलेले असतात, हाताला वास लागला की जेवताना आठवण येते.
- जुन्या डेकचं किंवा कुंपणाचं हिरवट लाकूड. २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या लाकडात आर्सेनिकवालं रसायन सर्रास असायचं, त्याचा भुसा नाकात नको.
- १९७८ च्या आधीच्या घराचं रंगवलेलं लाकूड. रंगात शिसं असू शकतं. आधीच गोळ्यांच्या शिशाने हात काळे होतायत, त्यात अजून भर कशाला.

ओक मिळालं तर छान, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ओकमधून आम्लाच्या वाफा निघतात आणि त्याने शिसं हळूहळू पांढरं पडतं. मॅचपुरतं ठीक, पण गोळ्या भरून वर्षभर कपाटात ठेवायला नाही. चामड्याच्या पट्ट्याचंही तसंच, पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तसं पट्ट्यात राहिलेलं काडतूस हिरवं होतं. मेस्कीट आमच्या भागात जळाऊ लाकूड म्हणून मिळतं, जड, घट्ट, फार हलत नाही, पण बिटची धार खातं.

४. हत्यारं

लागणारच: ड्रिल प्रेस, म्हणजे स्टँडवर उभं बसवलेलं ड्रिल (नसेल तर क्लबमध्ये विचारा, तिथे एका तरी म्हाताऱ्याकडे असतोच आणि तो तुम्हाला बोलावून चहाऐवजी कॉफी पाजून वर सल्लेही देतो), मधे टोक असलेला लाकडाचा बिट, गुण्या, करवत, रंधा किंवा सॅंडर, ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, क्लॅम्प, चष्मा, धुळीचा मास्क. आणि एक छोटा खिळेशोधक, हा मी आधी फालतू खर्च समजायचो. मग एकदा दांड्यात तुटून राहिलेल्या खिळ्यावर नवा कोरा बिट गेला आणि शोधकाच्या दुप्पट पैशांचा चुराडा झाला.

पेगबोर्डचा एक तुकडाही हवा, भिंतीवर हत्यारं टांगायला असतो तो भोकाभोकाचा पुठ्ठा. का ते पुढे येतं.

हातातल्या ड्रिलने होत नाही का? होतं, पण वीसातली पाच भोकं तिरकी येतात आणि काडतुसं दातपडक्या माणसासारखी दिसतात. आमचे आजोबा गिरमिटाने सरळ भोक पाडायचे, गुण्याही न लावता, ते मला या जन्मात जमणार नाही.

५. बिटचं माप: इथेच सगळे फसतात

काडतुसाच्या नावावर अजिबात विश्वास ठेवू नका. पॉइंट ३८ स्पेशलच्या पितळी नळीचा बाहेरचा व्यास .३७९ इंच असतो आणि आतल्या गोळीचा .३५७, म्हणजे अडतीस हे नाव नळीला जेमतेम लागू, गोळीला अजिबात नाही. व्हर्नियर कॅलिपर असेल तर स्वतः मोजा, नाहीतर हे घ्या:

- .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम: १३/३२ इंच. (२५/६४ पण चालतो, जरा घट्ट.)
- .४५ कोल्ट: अर्धा इंच.
- .४४-४०: अर्धा इंच. याची मान जरा बारीक असल्यामुळे ब्लॉकमध्ये थोडं डुलतं, डुलू दे.

मी २५/६४ वर वर्षभर खूश होतो. मग जुलैत आमच्याकडे मान्सून आला. हसू नका, अ‍ॅरिझोनात खरंच मान्सून म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर अशी त्याची तारीखसुद्धा ठरलेली आहे, पाऊस मात्र आपल्याकडच्या एका दुपारीएवढा. पण तेवढ्या दमटपणानेही लाकूड फुगलं, भोकं किंचित अंडाकृती झाली आणि काडतुसं परत रुतायला लागली. तेव्हापासून १३/३२. काडतूस स्वतःच्या वजनाने आत गेलं पाहिजे आणि ब्लॉक उलटा केला की टपाटप पडलं पाहिजे, हीच परीक्षा. ती आधी उरलेल्या तुकड्यावर करा, चांगल्या लाकडावर नाही, आणि परीक्षेला बिनपावडरीचं, बिनटिकलीचं डमी काडतूस वापरा. गॅरेजमध्ये मशीन चालू असताना जिवंत काडतूस जवळपास पण नको.

६. आखणी

दांड्याचा साडेअकरा इंचाचा तुकडा कापा. चारी बाजू रंध्याने सरळ करा, पण जुन्या खुणा सगळ्या घालवू नका, एखाद्या खिळ्याचा काळा डाग राहिला तर तोच छान दिसतो. भेग मात्र भोकांच्या ओळीत येता कामा नये.

आता पेगबोर्ड. त्याची भोकं बरोबर एक-एक इंचावर असतात, म्हणजे फुटपट्टी, पेन्सिल, खाडाखोड काही नाही. तुकडा लाकडावर क्लॅम्प करा आणि खिळ्याने टोचून खुणा करा. एका ओळीत सलग दहा, ही रायफलची. मधली एक ओळ सोडून पुढच्या ओळीत पाच, मग एक जागा रिकामी, मग पाच, ही पिस्तुलांची. दोन ओळींमध्ये दोन इंच येतात, कडेला पाऊण-पाऊण इंच उरतो. एक इंच अंतर जास्त वाटेल, पण थंडीत सकाळी आठला बोटं बधिर असताना त्याचं महत्त्व कळतं.

रायफल आणि पिस्तुलाची ओळ वेगळी का, दोन्हीत एकच काडतूस असलं तरी? कारण रायफलमध्ये काडतुसं नळीत एकामागे एक झोपलेली असतात, एकाचं नाक पुढच्याच्या टिकलीला टेकलेलं. म्हणून रायफलला चपट्या नाकाचीच गोळी हवी. पिस्तुलासाठी गोल नाकाच्या घेतल्या असतील आणि ओळी एकत्र झाल्या तर चूक फार महागात पडेल. मी तर आता दोन्हीला चपट्याच वापरतो, डोक्याला ताप नको.

७. भोकं पाडणं

खोली पाऊण इंच, ड्रिल प्रेसचा स्टॉप लावून. काडतूस नाक खाली, बूड वर असं बसणार आणि जवळजवळ निम्मं बाहेर राहणार, बोटांनी धरायला पुरेसं. आरपार पाडू नका, टेबलावरून ब्लॉक उचललात की सगळा संसार खाली.

मशीन सावकाश चालवा, दोन-तीनदा बिट वर घेऊन भुसा बाहेर काढा. मेस्कीटमध्ये घाई केली की भोक आतून जळतं, काळं पडतं आणि खमंग वास सुटतो, वास छान पण भोक गेलं. सगळी झाली की प्रत्येक भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने (तोंड रुंद करायच्या शंकूसारख्या बिटने) हलका उतार द्या, नाक न बघता आत शिरतं. मग कांडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून दोन वळसे, आणि व्हॅक्युमने भुसा पूर्ण काढा. हे टाळू नका. शिशाच्या गोळीला मेणासारखं ग्रीस लावलेलं असतं, त्याला भुसा चिकटतो आणि मग तो पिस्तुलाच्या घरात जाऊन बसतो.

८. तेल

अळशीचं उकळलेलं तेल, पातळ हात, फडक्याने चोळून, फक्त बाहेरून. भोकांत तेल नको, काडतुसांना तेल लागू द्यायचं नाही. आठवडाभर वाळू द्या.

आणि ते फडकं! चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, यावर घरं जळलीयत. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नाव डागायचं तर आत्ताच, तेलाच्या आधी. लोडिंग टेबलावर सगळ्यांचे ब्लॉक सारखेच दिसतात. माझ्यावर "कोकण किड" असं देवनागरीत डागलंय, त्यामुळे तो आजवर कोणी चुकून नेला नाही.

९. किती करायचे?

काही लोक एकच मोठा, १२० भोकांचा, झाकणवाला करतात. दिसतो भारी. पण भरल्यावर नुसती .३८ ची काडतुसंच दीड किलो, .४५ ची पावणेतीनच्या आसपास, वर लाकूड. आणि एकदा हातातून सुटला की दिवसाचा सगळा माल वाळूत. मी सहा छोटे केलेत, १ ते ६ नंबर टाकून. दोनच केलेत तरी भागतं, प्रत्येक स्टेजनंतर डब्यातून परत भरायचे.

भरताना, घरी शांतपणे, सगळी बुडं वर आली की त्यावरून बोट फिरवा. एखादी टिकली जराशी जरी वर आलेली असेल तर बोटाला लगेच कळतं. ती तशीच पिस्तुलात गेली तर सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या सहा घरांचं चाक, फिरायचा थांबतो. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी ही तपासणी ब्लॉकमुळे फुकटात होते. एखादं काडतूस भोकात अडकलंच तर पक्कड लावायची नाही, ब्लॉक उलटा करून मऊ कापडावर हलकेच थोपटायचा. झालं की हात साबणाने धुवा, मगच चिवड्याच्या पिशवीत घाला.

१०. भारतात नेताना

ब्लॉक बघून इकडे भाऊ, मेव्हणा कोणीतरी म्हणणारच, एक मला आण, पेन ठेवायला बरा आहे. न्या की, पण नवीन कोरा करून न्या, वापरलेला नको. आणि रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला घेऊच नका. कप्प्याच्या कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या एक्स-रे मशीनमध्ये दिसलं की आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली पोलीस केस होऊ शकते, आणि "विसरलो हो साहेब" म्हणून ती लगेच मिटत नाही. रिकामी पितळी नळीसुद्धा आठवण म्हणून टाकू नका. मी तर माझ्या रेंजच्या बॅगेला लाल रिबीन बांधून ठेवलीय आणि बायकोला सांगून ठेवलंय की हिच्यात कपडे भरायचे नाहीत, कितीही बॅगा कमी पडल्या तरी.